'हॉय पोलॉय' म्हणजे नेमके कोण?

इंग्रजी वृत्तपत्रांच्या स्तंभलेखनात, पुस्तक-परीक्षणांत आणि क्वचित चित्रपटविषयक मजकुरातही 'हॉय पोलॉय' हा शब्दप्रयोग वाचकाला भेटतो. कोशात त्याचा अर्थ 'सर्वसामान्य लोक' असा दिलेला असतो. तेवढ्याने काम भागत नाही, कारण वापरणाऱ्याने नाक किंचित मुरडलेले असते आणि ते मुरडणे हाही अर्थाचाच भाग असतो. मूळ ग्रीक शब्दांत मात्र तसे काही नाही. 'होइ' हे अनेकवचनी पुल्लिंगी उपपद, म्हणजे इंग्रजीतील 'द'. 'पोल्लोइ' हे 'पोलुस' म्हणजे 'पुष्कळ' या विशेषणाचे अनेकवचन. दोन्ही मिळून अर्थ एवढाच, की 'पुष्कळ असलेले ते'. 'पॉलिटेक्निक', 'पॉलिएस्टर' या शब्दांतील 'पॉलि' याच घराण्यातला. वैदिक संस्कृतातील 'पुरु' हा 'पुष्कळ' या अर्थाचा शब्द त्याचा सख्खा भाऊ मानला जातो. ('पॉलिटिक्स' मात्र या कुळातले नव्हे, ते 'पोलिस' म्हणजे नगर या वेगळ्या शब्दापासून निघाले.)

ग्रीकांच्या राजकीय परिभाषेत 'होइ पोल्लोइ'च्या समोर 'होइ ओलिगोइ' म्हणजे 'थोडे लोक' उभे असत. त्यांच्यापासूनच 'ऑलिगार्की' अर्थात अल्पजनसत्ता हा शब्द आला. थोडे विरुद्ध पुष्कळ, असा तो सरळ हिशेब होता. इ. स. पूर्व ४३१-३०च्या हिवाळ्यात पेरिक्लीझने युद्धात पडलेल्या अथेन्सवासीयांच्या अंत्यविधीप्रसंगी केलेले भाषण थ्युसिडिडीझने नोंदवले आहे. त्यात राज्य थोड्यांसाठी नव्हे तर अधिकांसाठी चालते म्हणून त्याला लोकशाही म्हणतात, असा आशय येतो. 'हॉय पोलॉय' ही संज्ञा या भाषणातून रूढ झाली असे अनेकदा सांगितले जाते. पण त्या वाक्यात पेरिक्लीझच्या तोंडी 'प्लेइओनास' म्हणजे 'अधिक जण' हा शब्द आहे, 'पोल्लोइ' नाही.

तिरस्काराचा सूर मुख्यतः तत्त्वज्ञांकडून आला. प्लेटोच्या 'क्रिटो' या संवादात तुरुंगातला सॉक्रेटिस आपल्या मित्राला विचारतो, की पुष्कळांच्या मताची आपण एवढी पर्वा का करावी? पुष्कळांनी दिलेल्या मतांमुळेच हा माणूस मृत्युदंडाची वाट पाहत बसलेला असल्यामुळे त्याच्या प्रश्नाला वजन आहे. परंतु प्लेटोच्याच शिष्याने, अॅरिस्टॉटलने, उलट बाजूही मांडून ठेवली आहे. 'राजनीती'च्या तिसऱ्या भागात तो म्हणतो, की पुष्कळांपैकी एकेक जण फारसा थोर नसला, तरी एकत्र आल्यावर ते थोड्या थोरांपेक्षा सरस ठरू शकतात. एकाच्या खर्चाने घातलेल्या जेवणापेक्षा सगळ्यांनी वर्गणी करून घातलेली पंगत अधिक चांगली होते, तसेच हे. ही पंगतीची उपमा पुढे कामास येणार आहे.

इंग्रजीत हा शब्दप्रयोग सतराव्या शतकात शिरला. जॉन ड्रायडनने १६६८मध्ये नाट्यकाव्यावरील आपल्या प्रबंधात तो वापरला, तोही ग्रीक लिपीत. ही लिपीची बाब किरकोळ नाही. ज्याला ग्रीक अक्षरे वाचता येतात त्यालाच हा शब्द कळावा, अशी ती व्यवस्था होती. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांना ते समजू नये, याची काळजी शब्दाच्या पोशाखातच घेतली गेली. केंब्रिज विद्यापीठात पुढे विशेष प्रावीण्याविना साधी पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना 'पोल' म्हणत, ते याच 'पोल्लोइ'चे लघुरूप. १८८२च्या 'आयोलँथी' या संगीतिकेत गिल्बर्टने उमरावांच्या सभागृहाची थट्टा करताना या ग्रीक शब्दाचाही विनोद करून घेतला. अमेरिकेत १९३५मध्ये 'थ्री स्टूजेस' या विदूषक त्रयीच्या एका लघुपटाचे नावच 'हॉय पोलॉय' होते. तोवर शब्द विद्यापीठाच्या फाटकातून बाहेर पडून खुद्द पोलॉयांच्या हाती आला होता.

व्याकरणप्रेमींचा एक जुना वाद येथे नोंदवायला हवा. 'होइ'मध्येच 'द' असल्याने 'द हॉय पोलॉय' म्हणणे ही द्विरुक्ती, असे शुद्धतावादी सांगतात. मराठीत 'पिवळा पीतांबर' किंवा 'गाईचे गोमूत्र' म्हणावे तसे. पण इंग्रजीत शब्द आल्यापासून ड्रायडनसह बहुतेकांनी 'द' लावलेलाच आहे, आणि आता कोशही त्याला चूक म्हणत नाहीत. याहून गमतीची चूक वेगळीच आहे. काही इंग्रजी भाषक 'हॉय पोलॉय' हा शब्द नेमका उलट, म्हणजे 'उच्चभ्रू मंडळी' या अर्थाने वापरतात. 'हॉयटी-टॉयटी' या 'शिष्ट' अशा अर्थाच्या शब्दाशी नाद जुळत असल्याने हा घोटाळा झाला असावा. कारण काहीही असो, ज्यांना हिणवायचे त्यांच्या नावाने हिणवणारेच ओळखले जाऊ लागले, यात एक काव्यगत न्याय आहे.

मराठीत या शब्दाला प्रतिशब्द शोधू गेले, की अडचण अर्थाची नव्हे तर सुराची येते. 'सर्वसामान्य', 'जनसामान्य' हे शब्द निर्विष आहेत. 'ऐरेगैरे' आणि 'सोम्यागोम्या' यांत हेटाळणी आहे, पण समूहाचे भान नाही. 'बाजारबुणगे' हा शब्द मराठा फौजेमागून चालणाऱ्या बिनलढाऊ गर्दीचा. पानिपताच्या आठवणीमुळे त्याला दोषारोपाची किनार आहे. सुराने सर्वांत जवळचा शब्द 'इतरेजन' हा होय. 'आम्ही' कोण हे न सांगताच तो आम्हाला वेगळे काढतो. जुन्या पंडितांच्या बोलण्यातील 'प्राकृतजन' हाही त्याच जातीचा. त्यांच्या लेखी प्राकृत ही जशी संस्कृत न जाणणाऱ्यांची बोली, तसे प्राकृतजन म्हणजे संस्कार नसलेले लोक. अलीकडचा 'क्लास आणि मास' हा भेद तर ओलिगोइ-पोल्लोइचाच नवा अवतार म्हणावा.

शब्दशः पाहिले तर 'होइ पोल्लोइ'चा तंतोतंत अनुवाद 'बहुजन' असा होतो. पण मराठीत या शब्दाचे नशीब अगदी निराळे निघाले. पाली वाङ्मयात बुद्धाने भिक्षूंना बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी फिरत राहण्यास सांगितले, तेव्हापासून या शब्दाला आदराचे वलय आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९२०च्या निवडणुकीच्या सुमारास 'बहुजन पक्ष' या नावाने जाहीरनामा काढला आणि शब्दाला आधुनिक राजकीय अर्थ मिळाला. इंग्रजीत 'पुष्कळ' असणे ही उणीव ठरली, मराठीत ती दावेदारी ठरली. म्हणून 'हॉय पोलॉय'साठी 'बहुजन' हा शब्द वापरणारा अनुवादक व्युत्पत्तीने बरोबर आणि अर्थाने चूक ठरतो. 'रयत'चेही असेच झाले. मूळ अरबी शब्दाचा एक अर्थ राखायचा कळप असा आहे. परंतु शिवकालीन स्मृती आणि १९१९मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था यांच्यामुळे आज तो कळप कोणाला आठवत नाही.

शब्द सामान्यांचे असतात, पण सामान्यांना ते बहुधा दुसरेच कोणी देतात. महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण पाहायचे तर चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्याकडे वळावे लागते. (२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली वेगळा झाला.) येथे गोंड राजांची सत्ता होती, १७५१च्या सुमारास ती नागपूरकर भोसल्यांकडे गेली, आणि १८५४मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केल्यावर हा मुलूख त्यांच्याकडे आला. १८५८मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी उठाव केला आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्यात फाशी देण्यात आली. सत्ता बदलली तशी येथल्या माणसांची कागदावरील नावेही बदलत गेली. जमीनदारीत ते रयत होते, मालगुजारीत कूळ. जंगल राखीव झाल्यावर वनखात्याच्या दप्तरी अनेक जण 'अतिक्रमणदार' झाले. जनगणनेत ते 'अनुसूचित जमाती', धरणाच्या आराखड्यात 'प्रकल्पग्रस्त', आणि योजनांच्या यादीत 'लाभार्थी'. हा शेवटचा शब्द वरकरणी किती सौम्य! पण पुष्कळांना हात पसरून रांगेत उभे करण्याचे काम आजच्या शासकीय मराठीत तोच करतो.

१९८०पासून या जंगलात आलेल्या नक्षलवाद्यांनी आपल्या लढ्याला 'जनयुद्ध' म्हटले, तर पोलिसांनी गावोगाव 'जनजागरण मेळावे' भरवले. 'जन' दोन्ही बाजूंना हवे होते. बाबा आमटे यांनी १९७३मध्ये भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे माडियांसाठी प्रकल्प सुरू केला, तेव्हा नाव दिले 'लोकबिरादरी'. लोक आणि बिरादरी या शब्दांत निदान बरोबरीचे नाते आहे. ज्यांची ही सारी नावे, ते स्वतःला काय म्हणतात? गोंडी भाषेत त्यांचा शब्द 'कोयतूर' असा आहे, आणि त्याचा अर्थ 'माणूस' एवढाच सांगितला जातो. 'गोंड' हे नाव बाहेरच्यांनी दिलेले.

आता 'पुष्कळ' या शब्दातली मेख पाहू. २०११च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजारांहून थोडी अधिक होती आणि त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. चंद्रपुरात ते सुमारे १८ टक्के. म्हणजे जिल्हा हे माप घेतले तर आदिवासी 'पोल्लोइ' नव्हेतच, ते 'ओलिगोइ' ठरतात. धानोरा, एटापल्ली, भामरागड तालुक्यांतील एखादे गाव हे माप घेतले, की तेथे मात्र जवळजवळ सगळेच तेच असतात. पुष्कळ कोण हे मोजणाऱ्याच्या हाती नसते. सीमारेषा आखणाऱ्याच्या हाती असते.

ही गोष्ट ग्रीकांनाही ठाऊक होती, आणि त्यासाठी त्यांच्याकडे दुसरा शब्द होता: 'डेमॉस'. 'डेमॉक्रसी'तला 'डेमॉस' म्हणजे लोक, हे शाळेत शिकवतात. पण या शब्दाचा जुना अर्थ मुलूख, गावशिवार आणि त्यात राहणारे लोक, असा दुहेरी आहे. इ. स. पूर्व ५०८च्या सुमारास क्लेइस्थेनीझने अथेन्सच्या राज्याची फेररचना केली, तेव्हा त्याने हाच 'डेमॉस' पायाचा दगड केला. पुढच्या काळात अशी १३९ गावे-वस्त्या नोंदलेल्या आढळतात. प्रत्येकीची स्वतःची सभा, स्वतःचा प्रमुख आणि स्वतःची नोंदवही असे. अठरा वर्षांचा मुलगा आधी गावाच्या नोंदीत जाई आणि त्यामुळेच नागरिक होई. त्याच्या नावापुढे गावाचे नाव लागे. पोल्लोइ मोजता येतात, पण डेमॉसला पत्ता असतो.

भारतीय कायद्यात या कल्पनेची सर्वांत जवळची नातलग म्हणजे १९९६च्या 'पेसा' कायद्यातील ग्रामसभा. अनुसूचित क्षेत्रांसाठी केलेल्या या कायद्याने 'गाव' या शब्दाचीच व्याख्या बदलली. महसुली गाव किंवा अनेक गावांची मिळून झालेली ग्रामपंचायत हे माप न ठेवता, आपल्या प्रथा-परंपरांनुसार आपला कारभार पाहणारा समुदाय ज्या वस्तीत वा पाड्यात राहतो ती वस्ती म्हणजे गाव, असे त्याने म्हटले. त्यानंतर २००६च्या वनहक्क कायद्याने अशा गावसभेला जंगलावरील सामूहिक हक्कांचा दावा करण्याची आणि ते जंगल राखण्याची वाट दिली. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे शब्द त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच आहेत.

या वाटेने सर्वांत आधी गेलेल्या गावांपैकी एक म्हणजे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा). लेखा ही ग्रामपंचायत, मेंढा हे तेव्हा तिच्यातील सुमारे पाचशे वस्तीचे गोंड गाव होते. १९८०च्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टणम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले. त्यानंतर गावात सभेची रीत रुजली. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणाही महाराष्ट्रभर पोचली. तिच्या तुलनेत चर्चा कमी झाली ती निर्णयाच्या पद्धतीची. मेंढ्यात बहुमताने ठराव होत नाहीत. सर्वसहमती होईपर्यंत विषय चालू राहतो. म्हणजे गावाने 'पुष्कळ' हा निकषच बाजूला ठेवला. बहुमत ही शेवटी पोल्लोइंची गणती, आणि एक्कावन्नांनी एकोणपन्नासांना हरवले तर लहान गावात ते एकोणपन्नास उद्याही विहिरीवर भेटतातच. ही पद्धत संथ आहे, कंटाळवाणीही आहे, यात शंका नाही. पण अॅरिस्टॉटलच्या पंगतीत प्रत्येकाचे काही ना काही पानात पडावे लागते, ते येथे घडते.

२००९मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. मिळाला तो कागदावर. बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना लागे, आणि तो देण्याचा अधिकार तेव्हा वनखात्याचा होता. १९२७च्या वन कायद्यात बांबू 'वृक्ष' होता, २००६च्या कायद्यात तो 'गौण वनोपज' झाला. एकाच काठीच्या या दोन नावांत गावाची कमाई अडकली. या भागातील बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात असे, आणि बुरूड व शेतकरी मात्र निस्तार हक्काचे चार बांबू मागायला जात. 'निस्तार' हा इकडचा खास शब्द: घरकुल, कुंपण, सरपण यांपुरती जंगलातून मिळणारी मुभा. हक्क म्हटले तरी त्यात सवलतीचा सूर होताच. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. २०१३मध्ये गावाने एक पाऊल पुढे टाकून, १९६४च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२मध्ये सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने बांबूची विक्री सुरू ठेवली. तेंदूपानांची तोडणी मात्र बंद केली, कारण तेंदूच्या हंगामासाठी फांद्या छाटल्या जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हातचा पैसा सोडण्याचा हा निर्णय कोणा अधिकाऱ्याने घेतलेला नव्हता.

या चित्राला उजळ कडाच तेवढ्या आहेत असे नव्हे. अथेन्सच्या डेमॉसमध्ये स्त्रिया, गुलाम आणि परके नव्हते. लोकशाहीच्या त्या माहेरी बहुसंख्य माणसे सभेबाहेरच होती. त्या मानाने वनहक्क नियम पुढे आहेत: २०१२च्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. तरीही सीमारेषा आखली, की कोणी तरी तिच्याबाहेर राहतोच. गडचिरोली जिल्ह्यात इतर मागासवर्गीयांची लोकसंख्या मोठी असूनही जिल्हास्तरीय नोकऱ्यांतील त्यांचे आरक्षण अनेक वर्षे ६ टक्के होते. त्यावरून तेथील ओबीसी समाजाने दीर्घकाळ आंदोलने केली आणि 'बहुजन' कोण हा प्रश्न तेथे आदिवासींच्या समोरासमोर उभा राहिला.

वनहक्क कायद्यातील 'इतर पारंपरिक वननिवासी' या शब्दांत तर 'इतरेजन' पुन्हा डोकावतात. आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५पूर्वीचा वनवास दाखवावा लागतो. बिगर-आदिवासी कुटुंबाला त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा. ढिवर, गोवारी अशा जंगलाच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या अनेकांकडे १९३०चा कागद कोठून असणार? चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली जी निर्वासित कुटुंबे शासनानेच १९६०च्या दशकात आणून वसवली, त्यांना तर ही अट कालगणनेनेच पुरी करता येत नाही. गावच्या ग्रामसभेत ती मंडळी बसतात आणि हातही वर करतात. त्यांच्या स्वतःच्या वनहक्काचा दावा मात्र ७५ वर्षांपाशी येऊन थांबतो.